नाकुरूचे गुलाबी छायाचित्र जुने झाले आहे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत केनियाच्या सहलीवर लेख आला होता. सोबत नाकुरू सरोवराचे अर्धे पान भरून छायाचित्र होते, काठापासून नजर पोचेल तिथवर रोहितच रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. खाली ओळ होती, ‘लाखो फ्लेमिंगो पाहायचे तर नाकुरूच’. ते पान कापून मी कपाटाच्या दाराला चिकटवले. येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी थोरली बहीण केनियाला जायचे म्हणतो आहोत, आणि जायचे ते या पक्ष्यांसाठीच. म्हणून कळकळीने लिहिते. ते छायाचित्र आता जुने झाले आहे.

मी मेहकरला एकतीस वर्षे भूगोल शिकवला. लोणार आमच्यापासून जेमतेम २५ किलोमीटर. दरवर्षी सातवीच्या मुलांना घेऊन विवरात उतरायचे, कमळजादेवीच्या देवळाजवळ डबे सोडायचे आणि मग पाण्यापाशी जायचे. आदल्या रात्री मी कागदाच्या पट्ट्यांना कालवलेली हळद लावून त्या वाळवून ठेवत असे. पट्टी पाण्यात बुडवली की पिवळी हळद डोळ्यांदेखत कुंकवासारखी लाल व्हायची. पाण्यात हात घातला तर साबण लावल्यासारखा बुळबुळीत लागायचा. खारे पाणी म्हणजे मिठाचेच असे नाही, हे तर पापडखाराच्या जातीचे पाणी, ही गोष्ट मुलांना फळ्यावरून कळली नसती तेवढी त्या पट्टीवरून कळायची.

केनियातल्या खचदरीत नाकुरू, एलेमेंटाइटा, बोगोरिया ही सरोवरे याच जातीची. आजूबाजूला ज्वालामुखीचा खडक, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी नेते आणि सोडा मागे ठेवते. अशा पाण्यात मासा सहसा तग धरत नाही, पण स्पिरुलिना नावाचे निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ भरभरून वाढते. ‘लहान रोहित’ या जातीचा फ्लेमिंगो चोच उलटी करून पाणी गाळतो ते या शेवाळासाठी, आणि त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरतो तोच हा पक्षी, फक्त आपल्याकडचे थवे वेगळे.

माझा एक जुना विद्यार्थी नैरोबीत नोकरीला आहे. त्याला सहलीचे सांगितले तेव्हा तो गप्प झाला आणि मग त्याने नाकुरूला काढलेला व्हिडिओ पाठवला. राखाडी, पसरलेले पाणी. त्यात कमरेपर्यंत बुडालेल्या, वाळून पांढऱ्या पडलेल्या बाभळी. फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. दूरवर झोळीवाले पेलिकन. रोहित एकही नाही. मी तो तीनदा पाहिला. मग कपाटावरच्या छायाचित्राकडे पाहवेना.

त्यानंतर वाचत गेले. साधारण २०१० नंतर या सरोवरांची पातळी चढत गेली. वरच्या डोंगरांत पाऊस जास्त झाला, माऊच्या जंगलात झाडे तुटली, त्यामुळे पाण्याबरोबर गाळही येऊ लागला. नाकुरूचे क्षेत्र पूर्वी ४०-४५ चौरस किलोमीटर होते, ते ६० च्या वर गेले आणि उद्यानाचे जुने मुख्य प्रवेशद्वार पाण्याखाली गेले. नाकुरू परातीसारखे उथळ आहे. परातीत दोन तांबे पाणी जास्त ओतले की खार पातळ होतो, शेवाळ विरळ होते आणि पक्षी उठून जातात. बोगोरिया मात्र कड्याच्या पायथ्याशी लांबोडके, उभ्या काठांचे आणि खोल, एखाद्या तपेल्यासारखे. पाणी तिथेही चढले, पण खार बराच टिकला. त्यामुळे गेली कित्येक वर्षे मोठे थवे बहुतेक तिथेच भेटतात. नाकुरूला रोहित कधीच येत नाहीत असे मी म्हणत नाही, पण लाखोंचा भरवसा धरून जाऊ नये. गेंडे पाहायचे असतील तर मात्र नाकुरूला जरूर जावे.

आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली त्या सहल कंपनीचे नाव घेत नाही. त्यांच्या पत्रकावर तेच गुलाबी छायाचित्र आहे आणि कार्यक्रमात नाकुरूला एक दुपार. बोगोरियाला नेता का, असे विचारल्यावर उत्तर आले, “मॅडम, तिकडे कुणी मागत नाही.” कुणी मागत नाही, कारण कुणाला सांगितलेलेच नसते. आयुष्यभराच्या शिल्लकेतून एकदाच परदेशी जाणारी माणसे आहेत आपल्याकडे. त्यांनी वाळलेल्या बाभळी पाहून परत यायचे का? आणि त्या बाभळी का वाळल्या, हेही त्यांना कुणी सांगायचे नाही?

शेवटी आम्ही आमचाच बेत आखला. नैरोबी ते नाकुरू साधारण १६० किलोमीटर. तिथे एक मुक्काम. मग मारिगाटच्या रस्त्याने उत्तरेला बोगोरिया, दोनेक तासांचा प्रवास. वाटेत मोगोटिओजवळ विषुववृत्त ओलांडायचे. इतकी वर्षे नकाशावर खडूने ओढलेली ती रेघ! तिथे उतरून उभी राहिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, हे बहिणीला आधीच सांगून ठेवले आहे. बोगोरियाला दोन रात्री, म्हणजे दोन सकाळी मिळतील. फेब्रुवारीत हवा कोरडी असते, मार्चनंतर मोठा पाऊस लागतो. शिवाय युरोपातून आलेले तुतवार, म्हणजे पाणकाठचे छोटे पक्षी, तेव्हा अजून तिथेच असतात. काठावर उकळत्या पाण्याचे झरे आहेत, पण त्यांतलेही काही चढत्या पाण्याने बुडाले आहेत. तेव्हा कारंज्यांची जुनी छायाचित्रे दाखवली गेली तर तीही तपासून घ्यावीत.

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीबद्दल कुणीच धड सांगत नाही. केनियाहून भारतात परतताना तिचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. आम्हाला “शेवटच्या आठवड्यात बघू” असे सांगण्यात आले होते! ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. साठीच्या पुढच्यांनी तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण या वयात तिचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो. मी ६४ ची, बहीण ६७ ची. आम्ही दोघींनी सगळ्या तपासण्या करून मगच तारीख घेतली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेताना तिकडे प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. आम्ही कापडी पिशव्या शिवल्या आहेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोगोरियाच्या काठी एंडोरोईस लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारत. १९७० च्या दशकात राखीव क्षेत्र झाले आणि त्यांना तिथून उठवले गेले. आफ्रिकेच्या मानवी हक्क आयोगाने २०१० साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाहुणे म्हणून जाताना हे माहीत असावे. वाटाड्या तिथलाच घ्यावा आणि त्याचे ऐकावे. गोड्या पाण्याचे झरे सरोवराला मिळतात तिथे रोहित पिण्यासाठी, पिसे धुण्यासाठी येतात. नेमके त्याच जागी आपण छायाचित्रासाठी उभे राहिलो की त्यांची वाट अडते. थवा उडतानाचे चित्र हवे म्हणून टाळ्या वाजवणारी माणसे मी आपल्याकडेही पाहिली आहेत. हात जोडून सांगते, असे करू नका. या पक्ष्याची पूर्व आफ्रिकेतली पिल्ले होतात ती जवळजवळ सगळी टांझानियातल्या एका नेट्रॉन सरोवरावर, आणि मादी अंडे घालते एकच.

आपल्याला विनंती एवढीच, की सहलींच्या नोंदणीचा हंगाम सुरू होण्याआधी त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे, नाकुरूची आजची स्थिती छापावी. माझ्या विद्यार्थ्याने व्हिडिओतली दृश्ये छापायला आनंदाने परवानगी दिली आहे. ती सोबत पाठवत आहे.

हळदीच्या पट्ट्या मी कालच रंगवून वाळत घातल्या आहेत. बोगोरियाच्या पाण्यात त्यांना कसा रंग चढतो ते परतल्यावर कळवीन.

– एक निवृत्त भूगोल शिक्षिका, मेहकर (जि. बुलडाणा)