आई-बाबा, दर रविवारी मी कुठं असतो ते सांगतो

प्रिय आई-बाबा,
सा. न.

गेल्या रविवारी मी फोन उचलला नाही म्हणून आई रात्री बारापर्यंत जागी होती असं ताईने सांगितलं, तेव्हापासून मला चैन नाहीये. आई, तू रात्री नऊला फोन केलास तेव्हा इथं सकाळचे साडेनऊ झाले होते, फोन जॅकेटच्या आतल्या खिशात आणि माझे दोन्ही हात भाजणीच्या पिठात होते. नंतर बाबा म्हणाले, "पार्किंगमध्ये कसलं रे जेवण?" ते फोनवर काही मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

तर इथं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेमध्ये पॅकर्सची, म्हणजे गावच्या फुटबॉल टीमची, मॅच असली की बाकी सगळी कामं बाजूला. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नाही, लांबट चेंडू हातात घेऊन पळतात तो. मॅच बहुतेक वेळा दुपारी बाराची असते पण माणसं सकाळी आठपासून स्टेडियमभोवती गाड्या लावायला लागतात, पिकअपचा मागचा फाळका खाली पाडायचा, त्याच्यावरच भांडी-ताटं मांडायची, बाजूला कोळशाची शेगडी पेटवायची आणि जो येईल त्याला खायला घालायचं. त्या फाळक्याला इकडं टेलगेट म्हणतात, म्हणून याला टेलगेटिंग. अमेरिकेत सगळीकडेच करतात, पण इथलं वेगळं आहे कारण हे गावच मुळात लाखभर वस्तीचं, आपल्याकडं तालुक्याचं म्हणावं असं, आणि मैदानात माणसं बसतात 81 हजार! मैदान 1957 सालचं, आणि त्याच्या चारी बाजूंनी साधी बैठी घरं, रस्ता ओलांडला की लोकांची अंगणं. मॅचच्या दिवशी हे लोक आपल्या अंगणात गाड्या लावू देतात.

माझं तसंच झालं. पहिल्या वर्षी मिलमधल्या एकाने त्याचं तिकीट मला दिलं, मी एकटाच गेलो, एका आजी-आजोबांच्या अंगणात गाडी लावली आणि गाडीतच बसून डब्यातली पोळी-भाजी खायला लागलो. बाहेर सगळीकडं धूर, गाणी, पोरं बॉल फेकतायत. आजोबांनी काचेवर टकटक केलं आणि म्हणाले, आमच्या अंगणात कुणी गाडीत बसून जेवत नाही, बाहेर ये. आई, मला एकदम तू आठवलीस. माऊलींची पालखी फलटणला मुक्कामाला आली की तू रस्त्यावर जाऊन, पायरीवर एकटा बसलेला वारकरी हाताला धरून आत आणतेस ना, अगदी तसं.

आता मी त्यांच्या अंगणातला झालोय. साताठ कुटुंबं आहेत, वर्षानुवर्षं तीच येतात, कुणाची गाडी कुठं लागणार ते ठरलेलं, दिंड्यांचे नंबर ठरलेले असतात तसं. निम्म्या लोकांकडं तिकीटच नसतं, 1960 पासून सगळी तिकिटं सीझनवाल्यांनाच (पूर्ण हंगामाची तिकिटं एकदम घेणाऱ्यांना) जातात आणि वेटिंग लिस्टवर लाखाच्या वर नावं आहेत, लोक पोर जन्मलं की त्याचं नाव घालून ठेवतात. तिकीट नसलेले अंगणातच खुर्च्या टाकून रेडिओ लावतात, आणि आत गोल झाला की (त्याला टचडाऊन म्हणतात) रेडिओच्या आधी स्टेडियमचा आवाज येतो, छातीत धडकतो अक्षरशः.

खाण्याचं सांगतो, कारण आईला तेच विचारायचं असणार. मुख्य म्हणजे ब्रॉट, मांसाचं सॉसेज, बिअर आणि कांद्यात उकळून मग निखाऱ्यावर भाजतात. आणि बूया म्हणून एक रस्सा असतो, बेल्जियमहून आलेल्या शेतकऱ्यांनी इकडं रुजवलेला, भंडाऱ्याच्या काहिलीएवढ्या भांड्यात कोंबडी आणि भाज्या घालून तासन् तास शिजवायचा आणि वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्याने ढवळायचा. चर्चच्या जेवणांना पण हेच करतात. मी माळ घातलेल्या घरातला, मी खात नाही, हे आजींना एकदा सांगितलं, त्यांनी काही विचारलं नाही, पण पुढच्या मॅचला मोठ्या भांड्याशेजारी एक छोटं पातेलं, त्यात नुसत्या भाज्यांचा रस्सा आणि त्याचा डावसुद्धा वेगळा ठेवलेला. तो वेगळा डाव बघून मला काय वाटलं ते मी त्यांना इंग्रजीत सांगू शकलो नाही.

आणि बाबा, बिअरचं तुम्ही विचारणारच. पितात, सकाळपासून पितात, लपवत नाही तुमच्यापासून. कुणीकुणी जास्त पितात आणि मला ते आवडत नाही. पण आपल्या अंगणात आजोबांचा नियम आहे, गाडी चालवणाऱ्याने थेंब घ्यायचा नाही, आणि मी पीत नाही हे कळल्यापासून दोन घरच्या पोरांना घरी सोडायचं काम माझ्याकडं आहे.

मग मीही काहीतरी न्यायला लागलो. गेल्या रविवारी तुझ्या भाजणीची थालीपिठं. लोखंडी तवा शेगडीवर ठेवला, बाहेर शून्याच्या खाली थंडी, बोटं पाण्यात बुडवली की बधिर व्हायची, त्यामुळे फडक्यावर थापताना कड फाटत होती, पण मधली पाच भोकं पाडून तेल सोडलं आणि तो वास सुटला ना, आजूबाजूच्या तीन अंगणांतली माणसं येऊन उभी राहिली. इथे ताज्या चीजचे गोळे मिळतात, दाताखाली चुईचुई वाजतात, आजींनी ते गरम थालीपिठावर ठेवले आणि ते अर्धवट वितळले. आई, लोण्याच्या खालोखाल तेच. लोक डोक्यावर चीजच्या फोडीसारखी पिवळी टोपी घालतात ती तू फोटोत बघितलीस ना, ती 1987 मध्ये मिलवॉकीच्या राल्फ ब्रूनो नावाच्या माणसाने आईच्या सोफ्यातल्या फोमची कापून केली होती. शेजारच्या इलिनॉय राज्यातले लोक चिडवायला यांना चीजहेड म्हणायचे, यांनी ते नाव डोक्यावरच घेतलं.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ही टीम कुण्या मालकाची नाही. 1919 साली मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने जर्सीला पैसे दिले म्हणून नाव पॅकर्स, पुढं पैसे संपले तेव्हा 1923 मध्ये लोकांनी शेअर घेऊन ती वाचवली, आणि आज पाच लाखांच्या वर सभासद आहेत. आपल्या साखर कारखान्याचा शेअर तुम्ही ट्रंकेत जपून ठेवलाय तसा आजोबांनी त्यांचा फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. डिव्हिडंड नाही, बाजारात विकता येत नाही, दिवाळीची साखरसुद्धा नाही. मी विचारलं मग का घेतला, तर म्हणाले, टीम इथून हलू नये म्हणून.

31 डिसेंबर 1967 ची मॅच आजोबांनी बापाच्या मांडीवर बसून बघितली. उणे 25 तापमान होतं, रेफरींच्या शिट्ट्या ओठाला चिकटत होत्या म्हणून त्यांनी तोंडानेच ओरडून मॅच चालवली, शेवटच्या काही सेकंदांत पॅकर्स 21-17 ने जिंकले. हे ते दर मॅचला सांगतात आणि आम्ही दर मॅचला ऐकतो. उन्हाळ्यात तर आणखी एक बघण्यासारखं असतं, सरावाला जाताना हे धिप्पाड खेळाडू गावातल्या पोरांच्या छोट्या सायकली चालवत जातात, गुडघे पार छातीला लागतायत, आणि ते पोरगं शेजारून खेळाडूचं हेल्मेट हातात घेऊन पळतंय. साठेक वर्षं चाललंय हे. मागच्या वर्षी मी तिथे उभा होतो, एका सातआठ वर्षांच्या मुलीने ते हेल्मेट दोन्ही हातांनी पोटाशी असं धरलं होतं, आपल्याकडं पादुकांचं ताट धरावं तसं.

आता कामाचं. भाजणी संपली. ताईचे मिस्टर डिसेंबरमध्ये येतायत त्यांच्याबरोबर दोन किलो तरी पाठव, थोडी जास्त भाजलेली चालेल, आणि पिशवीवर पाण्याचं प्रमाण लिही कारण आजींना स्वतः करून बघायचंय. बाबा, तुमच्या शेअर सर्टिफिकेटचा एक फोटो पाठवा, आजोबांनी दोनदा मागितलाय.

आणि आई, पुढच्या रविवारी नऊलाच व्हिडिओ कॉल कर, मी हात धुऊन बसतो. आजी म्हणाल्यात की ज्या बाईने हे पीठ दळून पाठवलंय तिला मला बघायचंय.

तुमचा,
बाळू