विषय: इनोड (डिस्कवर प्रत्येक फाइलला लागणारा नोंद-क्रमांक) संपलेल्या सर्व्हरला 'कोल्हापूरच्या नेटचा प्रॉब्लेम' ठरवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सहाय्य विभाग

आपल्या कंपनीकडून घेतलेला ४० जीबीचा मॅनेज्ड व्हीपीएस (देखभाल तुमच्याकडे असलेला भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर तो सांभाळायचं सॉफ्टवेअर सीपॅनेल. तिकीट चार वेळा उघडलं, चारही वेळा तुम्ही 'सॉल्व्ह्ड' म्हणून बंद केलंत. पाचव्यांदा उघडण्याऐवजी हे पत्र.

सोमवारी सकाळपासून सर्व्हरवर येणारी प्रत्येक मेल तिथला मेल-प्रोग्राम एक्झिम '४५२ स्पेस शॉर्टेज' म्हणून परत लावत होता. वेबमेलला लॉगिन होत नव्हतं, साइट्सची कार्ट रिकामी होत होती. जागा मोजणारी डीएफ -एच कमांड म्हणते डिस्क ६२ टक्के भरलेली. इनोड मोजणारी डीएफ -आय म्हणते इनोड १०० टक्के. निदान इथेच संपतं. एक्सटी४ ही फाइलसिस्टिम डिस्क फॉरमॅट करतानाच इनोडची संख्या ठरवून टाकते, साधारण दर १६ केबीला एक, म्हणजे ४० जीबीला सुमारे २६ लाख. ते संपले की शून्य बाइटची फाइलसुद्धा तयार होत नाही. एक्झिमला तर स्पूलसाठी, म्हणजे मेलच्या रांगेसाठी, किमान १०० इनोड मोकळे लागतात, नाहीतर तो दार लावून घेतो. हे तुम्हाला माहीत असणार असं मी धरून चाललो होतो.

इनोड कुणी खाल्ले तेही सांगतो. डीयू --इनोड्स चालवल्यावर दोन मिनिटांत कळलं: २० लाखांहून जास्त पीएचपी सेशन फाइल्स (साइटवर येणाऱ्या प्रत्येकाची तात्पुरती नोंद), सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. दीड महिन्यापूर्वी 'परफॉर्मन्स ट्यूनिंग'च्या नावाखाली तुमच्या टीमने पीएचपी-एफपीएमच्या (साइट्सचा पीएचपी कोड चालवणाऱ्या सेवेच्या) पूल सेटिंगमध्ये सेशनचं फोल्डर बदललं. सीपॅनेलची सेशन साफ करणारी स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाने इमानेइतबारे चालते, पण ती बघते प्रत्येक पीएचपी आवृत्तीच्या मुख्य पीएचपी.आयएनआय या सेटिंग फाइलमध्ये लिहिलेलं फोल्डर. तुमचं नवं फोल्डर तिच्या गावीही नाही. साइट्स आपोआप चाळणारे बॉट ओळखीची कुकी ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रत्येक हिटला नवी सेशन फाइल. रोज पन्नासेक हजार. बाकी हिशोब तुम्हीच करा.

आता बुधवारचा फोन. अकरा मिनिटं सनई ऐकवून झाल्यावर तुमचा माणूस:

"सर, ब्राउझरची कॅशे क्लिअर केली का?"

मी म्हटलं, मेल नाकारतोय तो सर्व्हर, माझा ब्राउझर नाही.

"सर, तुमची डिस्क ६२ टक्केच आहे. फुल्ल असूच शकत नाही."

डीएफ -आय चालवा म्हटलं. "सर, ती कमांड आमच्या चेकलिस्टमध्ये नाही." मग मी त्याला अडतीचं उदाहरण दिलं: गोदामात गुळाच्या रव्यांना जागा आहे, पण पावतीपुस्तक संपलंय, नंबर पडल्याशिवाय माल आत कसा घेणार? त्यावर क्षणभर शांतता. मला वाटलं समजलं.

"सर, आपण कुठून बोलताय?"

"कोल्हापूर."

"अच्छा. मग तिकडे नेटचा प्रॉब्लेम असू शकतो ना, सर?"

नाद खुळा! सर्व्हर तुमच्या मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, ४५२ देणारा एक्झिम तिथेच, त्याचा लॉगही तिथेच, आणि दोष कोल्हापूरच्या नेटचा. शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या गिऱ्हाइकाच्या फाउंड्रीला पुण्याहून कोटेशनच्या मेल येतात, त्या पुण्याच्याच सर्व्हरवर रांगेत अडकल्या होत्या. त्यांच्या वाटेत कोल्हापूरचं नेट कुठे लागतं ते नकाशावर दाखवा. ४५२ तात्पुरता नकार असल्याने पाठवणारा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो म्हणून मेल वाचल्या. यात तुमचं कर्तृत्व शून्य.

त्याआधी तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट केलात. सेशन फाइल्स डिस्कवर असतात, रीस्टार्टने जात नाहीत. मग एका इंजिनिअरने त्या फोल्डरमध्ये 'आरएम' या डिलीटच्या कमांडमागे तारा (*, म्हणजे सगळ्या फाइल्स) लावून चालवलं, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' आलं आणि त्याने 'डिलीट होत नाही' लिहून तिकीट बंद केलं. इतक्या फाइल्सची नावं एका कमांडच्या ओळीत मावत नाहीत. फाइंड कमांडला -एमएमआयएन +१४४० (दिवसाहून जुन्या फाइल्स) आणि -डिलीट दिलं की काम होतं. शेवटी मीच दिलं. मॅनेज्ड सेवेचे पैसे मात्र तुम्ही घेता.

आणि सेल्सचा मेल: ८० जीबीचा प्लॅन घ्या. खरं आहे, फाइलसिस्टिम वाढवली की त्या प्रमाणात इनोड वाढतात. पण केर काढायचा नाही म्हणून घर मोठं बांधायचं का? तीन महिन्यांनी तेही भरेल. आम्ही गिऱ्हाइकांना तुमचं नाव अभिमानाने सांगायचो, आता कुणी विचारलं तर विषय बदलतो.

मागणी एवढीच: पूल सेटिंगमधलं सेशनचं फोल्डर पूर्ववत करा. मी बदललं की रात्री तुमची ऑटोमेशन स्क्रिप्ट ते परत तुमच्यासारखं करते, म्हणून बदल तुमच्याच टेम्प्लेटमध्ये हवा. चेकलिस्टमध्ये डीएफ -आय घाला. इनोड ८० टक्क्यांवर गेले की अलर्ट द्या. या महिन्याचं शुल्क परत करा. आणि 'कोल्हापूरच्या नेटचा प्रॉब्लेम' ही तिकिटावरची नोंद काढा. हो, ती लेखी आहे.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर ग्राहक आयोग. ही सेवा माझ्या पोटापाण्यासाठी घेतलेली आहे आणि २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करू शकतो, म्हणजे तारखेला तुम्हीच कोल्हापूरला यायचं. नेटची तपासणीही त्याच फेरीत उरकून घ्या.

आपला,
अजून तरी ग्राहक

ता. क. आपोआप साफ करणारा क्रॉन मुद्दाम लावलेला नाही, तुमच्या माणसाला पुरावा दिसावा म्हणून. साफ केल्यावर काल इनोड १९ टक्के होते. आज २१.