डबा कोणाशेजारी बसून खाल्ला: शिक्षण आयुक्तांना खुले पत्र

मा. शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

सादर नमस्कार.

पुण्यातल्या एका शाळेत मी आठवी-नववीला मराठी शिकवते. यंदा सतरावं वर्ष. हे पत्र मात्र मुलींच्या डब्याबद्दल आणि खाण्याच्या आजारांबद्दल आहे.

१९९४ साली मी पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत सातवीत होते. मधल्या सुट्टीत आम्ही पाचजणी जिन्याखाली बसायचो. डबे मधोमध उघडायचे, मग कुणी कुणाचं खाल्लं याचा हिशोब नाही. एकीच्या डब्यात शनिवारी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा असायचा. तो आमच्यापर्यंत येईस्तोवर ती बोटांनी लोणी चाटून मोकळी झालेली असायची आणि माझ्या डब्यातला ठेचा तिच्याच वाटणीचा असायचा. खाण्यात तिच्याइतकी रमणारी मुलगी मी नंतर पाहिली नाही.

आठवीत शाळेने गुणांप्रमाणे तुकड्या पाडल्या. ती 'अ'त गेली, आम्ही चौघी 'ड'त राहिलो. 'अ'तल्या मुलींचे गट आधीच जमलेले होते, त्यामुळे ती आपल्या बाकावर एकटीच डबा खाऊ लागली. गॅदरिंगच्या नाचात तिला कुणीतरी म्हणालं, "तू मागच्या रांगेत थांब, अंगाने भरलेली आहेस ना." बोलणारीच्या मनात वाईट काही नसेलही. दोन महिन्यांत डबा लहान झाला. मग तिने सोमवार धरला, मग गुरुवार, मग चतुर्थी. घरी कौतुक झालं, कारण उपवासाला आपल्याकडे कुणी 'का' विचारत नाही. एके दिवशी नळांच्या मागे डबा पालथा करताना मी तिला पाहिलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "गळ्याशपथ, कुणाला सांगायचं नाही."

मी दोन वर्षं सांगितलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीला ती शपथ मोडता येत नाही. तिला खरंच वाटतं की सांगितलं तर मैत्रीण मरेल.

डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. पाळी थांबली तेव्हा पाळीच्या गोळ्या दिल्या. अकरावीत ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा सलाईन लावून घरी पाठवलं. एकविसाव्या वर्षी एका मानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्यांदा आजाराचं नाव घेतलं: ॲनोरेक्झिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार. नळामागचा तो डबा आणि हे नाव यांच्यात आठ वर्षं गेली. आज ती बरी आहे. रविवारी आम्ही तळजाईला फिरायला जातो. हे पत्र तिने वाचलं आहे. दोन वाक्यं काढायला सांगितली, ती मी काढली.

हा आजार नवा नाही. १८७३-७४ मध्येच पॅरिसमध्ये डॉ. लासेग यांनी आणि लंडनमध्ये डॉ. विल्यम गल यांनी त्याचं वर्णन केलं होतं. भरमसाट खाऊन मग उलटी काढण्याच्या आजाराला, म्हणजे बुलिमियाला, जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये नाव दिलं. मानसिक आजारांमध्ये ॲनोरेक्झियातला मृत्यूचा धोका सर्वांत जास्त असणाऱ्यांपैकी आहे. वारंवारच्या उलट्यांनी दात झिजतात आणि रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. आणि सुरुवात बहुधा होते ती किशोरवयात, म्हणजे मुलगी आपल्या शाळेत असते तेव्हा.

तुम्ही म्हणाल, यात मैत्रिणींचा काय संबंध? ऑस्ट्रेलियात संशोधक सुझन पॅक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहावीच्या ५२३ मुलींचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एकेका मुलीकडे सुटं न पाहता मैत्रिणींचे ७९ गट शोधून काढले. एका गटातल्या मुलींची शरीराबद्दलची काळजी, कमी खाणं, वजन उतरवायचे टोकाचे उपाय हे सगळं एकमेकींशी जुळत होतं. मला हे वाचून धक्का बसला नाही. माझ्या वर्गात 'आजपासून वडापाव बंद'ची शपथ चौघी मिळून घेतात, आणि चौथी मोडते तेव्हा तिला बाकीच्या तिघींसमोर लाज वाटते. सारख्या स्वभावाच्या मुली एकत्र येतात हेही त्यात असणारच, म्हणून सगळा दोष संगतीवर टाकता येत नाही.

अमेरिकेत मिनेसोटातल्या शाळांमध्ये चार हजारांहून अधिक मुलामुलींना विचारलं, तेव्हा सुमारे ३० टक्के मुलींनी सांगितलं की सोबतची मुलं आम्हाला वजनावरून चिडवतात. चिडवल्या गेलेल्या मुलांमध्ये निराशा आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. आपल्याकडे 'जाडी', 'ढोली', 'टुणटुण' ही नावं दहावीपर्यंत, कधी लग्नापर्यंत चिकटतात. 'बारीक झालीस गं' हे तर आपण आशीर्वाद द्यावा तसं म्हणतो. मीही म्हणत आले होते. आता थांबवलं आहे.

हे आजार निव्वळ मैत्रिणींमुळे होतात असं मी मुळीच म्हणत नाही. आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, स्वभावाचा आहे, घरचाही असतो. कुठल्याही मुलीला 'तुझ्यामुळे झालं' असं कुणी कधी म्हणू नये. माझं म्हणणं इतकंच आहे की आजाराची चाहूल आई, डॉक्टर, शिक्षक या सगळ्यांच्या आधी शेजारी बसून डबा खाणारीला लागते. आणि आपल्या व्यवस्थेत तिला ते सांगायला जागा नाही. उलट शेजारी बसणारी ती मुलगीच आपण गुणपत्रिका बघून तिच्यापासून तोडतो.

'हे इंग्रजी शाळांमधलं, पैसेवाल्यांचं दुखणं' असं मला स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं आहे. त्यामागचं कारण मला समजतं. आपण कुपोषणाशी झगडत आलो आहोत. लोहाची निळी गोळी दर आठवड्याला वाटणाऱ्या शिक्षिकेला भरला डबा सांडून देणारी मुलगी खरी वाटतच नाही. पण पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर, जिथे भरल्या अंगाचं कौतुक होतं, तिथल्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. संशोधक ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींना त्या वर्षी विचारलं तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक मुलींनी 'हो' म्हटलं. तेव्हा रील नव्हतं. सिंहगड रस्त्यावरच्या चाळीतल्या आणि बावधनच्या सोसायटीतल्या माझ्या विद्यार्थिनी आज एकच रील पाहतात.

महोदय, मी जे मागते आहे त्याला नवा निधी लागत नाही. तुमच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.

पहिली गोष्ट वजनाची. प्रगतिपुस्तकात उंची-वजनाचे रकाने असतात. अनेक शाळांत ते वर्गासमोर घेतलं जातं: एक शिक्षक काट्याजवळ उभे, मुलगी चढते, आकडा मोठ्याने सांगितला जातो, दुसरं कुणी लिहून घेतं, आणि साठ कानांपर्यंत तो पोहोचतो. पुढच्या तासाला त्या आकड्याचं नाव झालेलं असतं. वजन आडोशाला घ्यावं आणि आकडा बोलू नये. आणि लिहिताना मागच्या सत्राचा आकडाही बघावा. वाढत्या वयात वजन उतरलं असेल तर ते कुणाच्या तरी डोळ्यात भरायला हवं. माझ्या मैत्रिणीच्या प्रगतिपुस्तकात तिचं उतरतं वजन सुवाच्य अक्षरात, वर्गशिक्षिकेच्या सहीसह, नोंदलेलं आहे.

दुसरी गोष्ट तुकड्यांची, आणि मला सर्वांत जास्त आग्रह हिचाच आहे. तुकड्या पाडायच्याच असतील तर आधी प्रत्येक मुलीकडून चिठ्ठीवर दोन नावं लिहून घ्यावीत, आणि त्यातलं किमान एक तिच्या तुकडीत असावं. माझ्या वर्गापुरतं मी तीन वर्षं हे करते आहे. त्या चिठ्ठ्या जुळवायला एक दुपार लागते. कुणाच्याच चिठ्ठीवर जिचं नाव येत नाही, अशी एखादी मुलगी दरवर्षी सापडते. सुट्टीत मी माझा डबा घेऊन तिच्या आसपास बसते. तिला काही विचारत नाही.

तिसरी गोष्ट शपथेची. २०२२ पासून शाळांत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचं आहे. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत, आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन करता येतो. इतकं सगळं असताना मुलींना एक वाक्य कुणी सांगत नाही: मैत्रीण डबा टाकत असेल, जेवल्या जेवल्या रोज बाथरूममध्ये जात असेल, तर ते मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली नव्हे. हे समितीच्या पहिल्याच बैठकीत ठरवून प्रत्येक वर्गात बोललं जावं. कुमठेकर रस्त्यावरच्या आपल्या एससीईआरटीने, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, आरोग्यदूतांच्या प्रशिक्षणात खाण्याच्या आजारांवर एक तास ठेवावा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या पद्धतीत मुलींचा लहान गट बसून बारीकपणाच्या हव्यासाविरुद्ध स्वतःच्या तोंडाने बोलतो. अशा गटांनी लक्षणं कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे, आणि हे गट प्रशिक्षित मैत्रिणींनीही चालवले आहेत. मैत्रिणीमुळे जे पसरतं ते मैत्रिणीमुळे आवरतंही.

मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी सुट्टी संपल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मी गळ्याशपथ घेतलीय, पण..." मी तिला खुर्ची दिली. तिची मैत्रीण आज उपचार घेते आहे. शपथ घेऊन दोन आठवडे झाले होते.

नव्या तुकड्यांच्या याद्या जूनमध्ये फळ्यावर लागतील. परिपत्रक त्याआधी, मे महिन्यातच शाळांपर्यंत पोहोचावं, ही विनंती.

आपली नम्र,
आठवी-नववीची एक मराठीची शिक्षिका, पुणे