राबणाऱ्यांना निर्णयाचा हक्क कधी?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केले आहे. त्या निमित्ताने ‘शेतीत महिला आणि तरुणांचा सहभाग वाढवा’ असे आवाहन सारखे वाचनात येते. यातला ‘सहभाग’ हा शब्द मला खटकतो. विकसनशील देशांत शेतीत राबणाऱ्यांपैकी सरासरी ४३ टक्के स्त्रिया आहेत, हे संयुक्त राष्ट्रांच्याच अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्येच मांडले होते. म्हणजे सहभाग आहेच. पेरायचे काय, माल विकायचा कधी, हातात आलेला पैसा कशाला लावायचा, हे ठरवताना मात्र बहुतेक ठिकाणी त्यांना कोणी विचारत नाही.

त्याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालात सारख्याच आकाराच्या शेतांवर स्त्री आणि पुरुष यांच्या उत्पादकतेत २४ टक्क्यांची तफावत दिली आहे. बायकांना शेती कमी जमते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशात एकाच घरात नवऱ्याचे आणि बायकोचे शेताचे तुकडे वेगवेगळे असतात. अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच घरातले, एकाच वर्षीचे, एकच पीक तपासले. बायकांच्या तुकड्यांत पीक कमी आले होते, कारण घरचे शेणखत जवळजवळ सगळे पुरुषांच्या शेतात पडत होते आणि मजूरही तिकडेच जास्त लावले जात होते. तेच खत आणि तीच माणसे नीट वाटून दिली असती, तर साऱ्या घराचेच उत्पन्न वाढले असते.

म्हणून मला बाईच्या नावावरचा जमिनीचा कागद महत्त्वाचा वाटतो. इथिओपियात जमिनीचे दाखले देताना काही प्रांतांत नवरा-बायको दोघांचीही नावे आणि फोटो लावले गेले. रवांडात जमीन नोंदणीच्या पहिल्या प्रयोगानंतर लोक बांधबंदिस्तीवर जास्त खर्च करू लागले, आणि ही वाढ स्त्रियांनी चालवलेल्या घरांत विशेष दिसली. उद्या आपल्याला इथून कोणी उठवणार नाही, याची खात्री असेल तरच माणूस मातीत पैसा घालतो.

तरुणांची अडचणही याच जातीची आहे. त्यांना शेती नकोच असते, असे सरसकट म्हटले जाते. ते मला अन्यायाचे वाटते. जमीन वडीलधाऱ्यांच्या नावावर, बँक तारण मागते, नवे काही करून पाहायचे तर परवानगी घरात मागायची. अशा अवस्थेत वीस-बावीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने शेतात का थांबावे? मुलीच्या वाट्याला तर दोन्ही अडथळे येतात. ठरावीक मुदतीचा लेखी खंडकरार, तारणाशिवाय गटाला कर्ज, यंत्रे भाड्याने देण्याच्या व्यवसायाला भांडवल हे मार्ग उपलब्ध आहेत. नुसत्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती देऊन घरी पाठवण्यात मात्र काही अर्थ नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. शेतीच्या एखाद्या योजनेची बातमी देताना किती महिला आणि तरुण प्रशिक्षणाला आले, एवढ्यावर थांबू नका. त्यातल्या किती जणांच्या स्वतःच्या नावावर जमीन, कर्ज किंवा विक्रीचे पैसे जमा होणारे खाते आहे, हेही विचारा आणि छापा.

आपली,
एक नियमित वाचक