अंड्याच्या आकारावरून तलंग की कोंबडा, हे कळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती कोंबडीपालनावर आलेला मजकूर वाचला. खुराड्याची मापं आणि लसीकरणाची माहिती उपयोगाची होती. पण 'तलंगा हव्या असतील तर वाटोळी अंडी बसवा, टोकदार अंड्यातून कोंबडे निघतात' हे वाक्य छापायला नको होतं. (तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी.) आमच्या घणसोलीच्या गावठाणात आणि शेजारच्या तळवली-गोठिवलीतही अजून घरामागे कोंबड्या आहेत. भाताची शेतं सिडकोच्या भूसंपादनात गेली, तूससुद्धा आता विकत आणावं लागतं, पण खुराडी टिकली. आमच्या बचत गटातल्या कितीतरी बायकांचा वरखर्च त्यातून सुटतो. पेपरात आलं म्हणजे खरंच असणार असं मानणारी माणसं इथे आहेत, म्हणून लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात एका विक्रेत्याने आमच्याकडच्या बायकांना 'मादीची निवडक अंडी' म्हणून साध्या गावठी अंड्यांच्या दुप्पट दराने अंडी विकली. निवड कशी केली, ते त्याने सगळ्यांसमोर करून दाखवलं. लाल दोऱ्याला अंगठी बांधली, कोपर कशालाही न टेकवता दोरा चिमटीत धरला आणि अंगठी अंड्याच्या वर बोटभर अंतरावर सोडली. अंगठी गोल फिरली तर मादी, रेघेत झुलली तर नर. मी त्याला तोच दोरा खिडकीच्या गजाला बांधायला लावला. खाली एकामागून एक अंडी ठेवून पाहिली, अंगठी जागची हलली नाही. अधांतरी धरलेला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. बोटांची बारीक हालचाल लांब दोऱ्याच्या टोकाला मोठी होऊन दिसते, आणि मनात जे उत्तर असतं त्या बाजूला हात आपल्या नकळत वळतो. धरणाऱ्याला स्वतःलाही ते उमगत नाही. त्यामुळे तो विक्रेता लबाडच होता असं मी म्हणणार नाही. पण पैसे त्याने घेतले आणि कोंबडे बायकांच्या पदरात पडले. हीच अंगठी पूर्वी गरोदर सुनेच्या पोटावर धरायचे, हे आमच्या पिढीच्या बायकांना आठवत असेल. म्हणून मला हा प्रकार नुसती करमणूक वाटत नाही.

आता आकाराचं. 'वाटोलं अंडं तलंगीचं, टोकाचं कोंबऱ्याचं' असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. ॲरिस्टॉटलने नेमकं उलट लिहून ठेवलंय, की लांबट टोकदार अंडं मादीचं. दोन्ही बाजूंनी तितक्याच ठामपणे सांगितली जाणारी गोष्ट किती भरवशाची धरायची? आणि ज्या बाईने चार कोंबड्या पाळल्यात, तिला हे ताडून बघायला पुस्तक लागत नाही. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं, हे ती टोपलीत पाहूनच सांगते, कारण एका कोंबडीच्या अंड्यांची ठेवण बहुतेक सारखीच राहते. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो. बलकाभोवती पांढरा भाग चढतो, मग पातळ पडदे येतात आणि शेवटी कवच. नर की मादी, हा निकाल मात्र त्याच्या आधी, बलक अंडाशयातून सुटण्याच्या सुमाराला लागलेला असतो. माणसांत तो बापाकडून ठरतो, पक्ष्यांत आईकडून. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, कोंबड्याकडे दोन्ही झेड. बलकात डब्ल्यू गेलं की तलंग, झेड गेलं की कोंबडा. कवच वाटोळं होतं की लांबट, याचा त्या निकालाशी संबंधच येत नाही. तसं असतं तर लांबट अंडी घालणाऱ्या कोंबडीला जन्मभर कोंबडेच झाले असते. अशी कोंबडी कोणाच्या दारात आहे का?

तरीही 'आमच्याकडे अनुभव आला' असं शपथेवर सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. कुठलीही निवड न करता बारा अंडी बसवली आणि बाराही फुटली, तर त्यात आठ किंवा त्याहून जास्त तलंगा निघण्याची शक्यता 19 टक्क्यांच्या आसपास असते. बारावीतल्या माझ्या मुलीने हे वहीत मांडून दाखवलं. म्हणजे पाच घरांत मिळून एका घरी युक्ती 'फळते'. त्या घरची बाई चारचौघींना सांगते, तिचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ टाकतो. तितक्याच घरांत आठ किंवा त्याहून जास्त कोंबडे निघतात, पण तिथे दोष युक्तीला लागत नाही. अंडी नीट निवडली नाहीत, अमावास्येला बसवली, वाहनात हिंदकळली, अशी कारणं निघतात. टॉर्चवर अंडं धरून हवेची पोकळी मधोमध आहे की एका बाजूला कललेली, हे बघण्याची नवी रीतही याच बळावर चालली आहे.

यातली सगळ्यांत नुकसानीची गोष्ट तापमानाची. अंडी उबवायच्या मशीनचं तापमान थोडं चढवलं की तलंगा जास्त निघतात, असं सांगणारे आता पुष्कळ झालेत. हे कुठून आलं असावं ते कळतं. कासवांमध्ये तसं होतं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, त्यांच्या पिल्लांचं नर-मादीपण वाळूच्या उबेवर ठरतं, ऊब जास्त तर माद्या जास्त. कोंबडीचं अंडं मात्र घातलं जातं तेव्हाच ते ठरलेलं असतं. मशीन 37.5 अंशांच्या आसपास राहायला हवं. एखाद-दुसरा अंश सतत चढा राहिला तर पिल्लं कवचातच मरतात, नाहीतर वाकडे पाय घेऊन बाहेर येतात. एकविसाव्या दिवशी अंडी फुटण्याची वाट बघत बसलेल्या बाईला बाविसाव्या दिवशी ती टोपलीत भरून टाकून द्यावी लागतात, हे मी शेजारी पाहिलं आहे.

पिल्लू बाहेर आल्यावर ओळखण्याच्या खऱ्या रीती आहेत, त्या छापा. 1920 च्या दशकात जपानी संशोधकांनी दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडून आतला बारीक उंचवटा पाहण्याची पद्धत बसवली. तयार झालेला माणूस त्या पद्धतीने तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो. घरी मात्र कोणी करू नये, पिल्लू जखमी होतं. दुसरी रीत पंखाची. पंख पसरला की पिसांच्या दोन ओळी दिसतात. मादीची खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा स्पष्ट लांब असते, नराच्या दोन्ही ओळी सारख्या किंवा वरचीच जास्त लांब. पण हे पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतं, आणि तेही आई सावकाश पिसं फुटणाऱ्या वाणाची आणि बाप लवकर पिसं फुटणाऱ्या वाणाचा, अशी मुद्दाम जोडी लावली असेल तरच. आमच्या मिसळलेल्या गावठी कोंबड्यांना ते लागू पडत नाही. व्हिडिओवाले हे शेवटचं वाक्य गाळतात. तिसरी रीत रंगाची. रोड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्ट्यापट्ट्यांची प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो, मादीच्या डोक्यावर नसतो. जोडी उलटी लावली तर हा फरक मिळत नाही.

जर्मनीत 1 जानेवारी 2022 पासून नर पिल्लं जन्मताच मारायला बंदी आली. अंड्यांसाठी पाळायच्या जातींत नर कामाचे नसतात, म्हणून हॅचरीत त्यांना पहिल्याच दिवशी मारत असत. बंदी आल्यावर तिथे अंड्यातच लिंग ओळखणारी यंत्रं बसवावी लागली. त्यातलं एक कवचाला लेसरने बारीक भोक पाडून आतला थेंबभर द्रव काढतं आणि त्यातलं संप्रेरक तपासतं, तेही अंडं काही दिवस उबवून झाल्यावर. अंगठी-दोऱ्याने काम भागत असतं तर एवढा खर्च कोणी केला नसता.

आमच्या गावठी पिल्लांसाठी सहा ते आठ आठवडे थांबणं हाच उपाय. नराचा तुरा लवकर वाढतो आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. पुढे शेपटीच्या मुळाशी नराची पिसं लांब आणि अणकुचीदार येतात, मादीची गोल टोकाची. आणि आमच्या भागात कोंबडा निघाला म्हणून कपाळाला हात लावायचं कारणच नाही. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला नवसाचा कोंबडा लागतो, आषाढ अमावास्येला गटारी असते. त्या दिवसांत गावठी कोंबड्याला जो दर मिळतो, तो वर्षभर अंडी विकून मिळत नाही. गावठी कोंबडा भरायला साडेचार-पाच महिने लागतात. म्हणून आमच्या गटातल्या जाणत्या बायका आश्विनाच्या अखेरीला एक खुडूक, म्हणजे उबवायला आलेली, कोंबडी अंड्यांवर बसवतात आणि माघात दुसरी. नर-मादी ओळखण्यापेक्षा हा हिशेब त्यांच्या जास्त कामाचा आहे, आणि आपल्या पुरवणीत त्याचा उल्लेखही नव्हता.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पुढच्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापावी आणि त्याच जागी बसवायच्या अंड्यांची खरी निवड सांगावी: कोंबडा सोबत असलेल्या कोंबडीचं, आठवड्याच्या आतलं, मध्यम वजनाचं, न तडकलेलं, न धुतलेलं. दुकानातली ट्रेमधली अंडी उबत नाहीत, हेही लिहा, कारण मशीन आणून ती बसवणारी सोसायटीतली मुलं माझ्याकडे विचारायला येतात. दुसरं असं, की ज्या वाचकांचा अजून आकारावर विश्वास आहे त्यांना आपणच आवाहन करा. बसवताना प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने वाटोळं की टोकदार ते लिहावं, अठराव्या दिवशी जाळी लावून दोन्ही वेगळी करावीत, निघालेल्या पिल्लांच्या पायात दोन रंगांच्या दोऱ्याच्या सैल कड्या घालाव्यात आणि दोन महिन्यांनी मोजून आकडे आपल्याकडे पाठवावेत. जुळलेले आकडे पाठवाल तसे न जुळलेलेही पाठवा, असं त्या आवाहनात ठळक अक्षरांत घाला. आमच्या गटाच्या नोंदी मी सगळ्यांत आधी पाठवीन.

आपली वाचक,
बचत गटाची एक सदस्य, घणसोली गाव, नवी मुंबई