थरथर कुठून येते, ते आधी शोधा

महोदय,

मोटारसायकलींची ताकद, मायलेज आणि किंमत यांवर वृत्तपत्रांत भरपूर छापून येते. दोन सिलिंडरच्या गाडीच्या व्हायब्रेशनचा विषय मात्र ‘ही गाडी अशीच असते’ एवढ्यावर मिटवला जातो. मग मालक हँडलची वजने, जाड ग्रिप, जेलचे हातमोजे घेत सुटतो. या वस्तू कामाच्या आहेत, पण त्यांची पाळी सर्वांत शेवटी येते. इंजिनाच्या रचनेतूनच येणारी थरथर वेगळी आणि काहीतरी ढिले, झिजले किंवा बिघडले म्हणून येणारी वेगळी. पहिलीशी जुळवून घ्यायचे असते, दुसरी दुरुस्त करायची असते. दोन्हींची गल्लत झाली की पैसे वाया जातात आणि इंजिन धरून ठेवणारा ब्रॅकेट एक दिवस तडकतो.

आधी रचनेचे बघू. पिस्टन प्रत्येक फेरीत वर जाऊन थांबतो, खाली येऊन पुन्हा थांबतो. या उलटसुलट जाण्याचा झटका आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३००० वर जेवढा असेल त्याच्या चौपट ६००० वर. हा झाला मूळ झटका. त्याखेरीज क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दुप्पट गतीने येणारी एक बारीक, झिणझिण्या आणणारी थरथर असते. १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनसारख्या गाड्यांत दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात; ही ३६० अंशांची रचना. त्यांचे स्फोट समान अंतराने होतात, पण मूळ झटका एका मोठ्या सिलिंडरसारखाच राहतो. एक पिस्टन वर असताना दुसरा खाली, अशी १८० अंशांची रचना असेल तर मूळ झटके एकमेकांना रद्द करतात. मात्र दोन्ही पिस्टन शेजारी-शेजारी असल्याने इंजिन दोन टोकांना आलटून पालटून उचलल्यासारखे डुलते आणि बारीक थरथर तर दोन्हींची मिळून वाढते. हल्ली लोकप्रिय असलेल्या २७० अंशांच्या क्रँकमध्ये ती बारीक थरथर मरते. उरलेल्या झटक्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तो झटका मारणारे वजन फिरवणारा वेगळा दांडा, दिलेला असतो. ९० अंशांचे व्ही इंजिन आणि समोरासमोर सिलिंडर असलेले बॉक्सर इंजिन ही मुळातच शांत. नुसत्या वजनाने क्रँक ‘बॅलन्स’ करून ३६० अंशांची गाडी गुळगुळीत करून देतो, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. क्रँकवरचे वजन वाढवले की वर-खाली होणारा झटका पुढे-मागे वळतो, नाहीसा होत नाही.

आता तपासणी. दोन साध्या चाचण्यांत बरेच काही कळते. पहिली: गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून रेस हळूहळू वाढवा आणि कोणत्या आरपीएमला हँडल, फुटरेस्ट, आरसा थरथरतो ते लिहून ठेवा. दुसरी: रिकाम्या सरळ रस्त्यावर, ज्या वेगाला त्रास होतो त्याच वेगाला रेस सोडून क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही; चाक, टायर किंवा चेन बघा. अंदाजासाठी सांगायचे तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जेमतेम आठ फेऱ्या मारते, तर ४००० आरपीएमला क्रँक ६७ फेऱ्या. एकाचे धक्के मोजता येतील इतके सुटे असतात, दुसऱ्याचा नुसता झिणझिणाट होतो. क्लच दाबल्यावर थरथर जाते आणि उभ्या गाडीवर त्याच आरपीएमला येतही नाही, असे असेल तर दोष भार पडल्यावरच उठतो आहे. तेव्हा मागच्या हबचे रबर, चेनमधला एखादा ताठ भाग किंवा कमजोर पडलेला सिलिंडर यांवर संशय घ्यावा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या फाउंडेशन बोल्टकडे. बोल्टच्या डोक्याभोवती किंवा ब्रॅकेटच्या भोकापाशी तांबूस, पिठासारखी पूड दिसली तर तिथे लोखंडावर लोखंड घासते आहे, म्हणजे तो जोड हलतो आहे. ॲल्युमिनियम असेल तर पूड काळपट करडी दिसते. हे दिसल्यावर तोच एक बोल्ट जोर लावून आवळणे ही चुकीची दुरुस्ती. इंजिन थंड असताना खाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने वजन हलके उचलून धरा आणि सगळे बोल्ट ढिले करा. प्रत्येक बोल्ट हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर जॅक थोडा वर-खाली करा. ब्रॅकेट आणि इंजिन यांच्यात फट दिसली तर त्या जाडीचा वायसर भरा. बोल्टने ब्रॅकेट ओढून फट मिटवली की तो ब्रॅकेट कायम ताणाखाली राहतो आणि वेल्डिंगजवळ तडकतो. मग सगळे नट आधी हाताने बसवा, नंतर मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि तिथे दिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळा. हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, धरणारा वरचा ब्रॅकेट बहुधा शेवटी येतो. नायलॉनचे नट नवेच वापरावेत. शेवटी नट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. काहीशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला, हे पाना न लावताच कळते.

रबर माउंटिंगच्या गाड्यांचा हिशेब निराळा. १९६७ साली आलेल्या नॉर्टन कमांडोत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक धरणारा स्विंगआर्म एकत्र रबरावर टांगलेले होते आणि बाजूची फट सुमारे पाव मिलिमीटर ठेवावी लागे. फट कमी झाली की थरथर फ्रेममध्ये उतरते, वाढली की वळणावर मागचे चाक आपल्या मनाने जाते. रबर बुश कडक झाले, तेल लागून फुगले किंवा फाटले तर ते बदलण्याला पर्याय नाही.

दुसरे मोठे कारण म्हणजे दोन सिलिंडर सारखे काम न करणे. थंड इंजिन सुरू करून अर्ध्या मिनिटाने दोन्ही सायलेन्सरच्या पाइपांवर, हेडच्या जवळ, पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. एकावर चर्र होऊन उडाले आणि दुसऱ्यावरून नुसते ओघळले, तर तो दुसरा सिलिंडर मिसिंग करतो आहे, म्हणजे त्यात नीट स्फोट होत नाही. पुढचे काम क्रमानेच करायचे: थंड इंजिनावर टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट), मग प्लग, मग एअर फिल्टर आणि शेवटी दोन्ही सिलिंडरांना सारखी हवा मिळावी म्हणून दोन्ही कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडी जुळवणे. टॅपेट घट्ट असताना जुळवणी केली तर ती चुकीच्या दाबावर होते आणि टॅपेट सुधारल्यावर पुन्हा बिघडते.

जुळवणीसाठी दोन व्हॅक्युम गेज उत्तम. नसतील तर सहा मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, साधारण चार मीटर, फळीवर मधोमध दुमडून उभी बांधा आणि तळात हातभर उंचीपर्यंत टू-स्ट्रोक ऑइल भरा. तेलच का, तर चुकून ओढले गेले तरी ते जळून जाते. दोन्ही टोके दोन्ही इनटेकच्या व्हॅक्युम निपलना लावा. इंजिन गरम असावे, जागा मोकळ्या हवेची असावी आणि एअर-कूल्ड इंजिनासमोर पंखा लावावा. ज्या बाजूचे तेल वर चढते तिकडचा व्हॅक्युम जास्त, म्हणजे त्या बाजूची थ्रॉटलची झडप कमी उघडी. जुळवणीचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, रेस एकदा देऊन सोडा आणि तेल स्थिरावल्यावर पुन्हा बघा. तेल झपाट्याने चढू लागले तर नळी चिमटून इंजिन बंद करा. कारखान्यात सील केलेल्या स्क्रूला हात लावू नका. शेवटी आयडलिंग मॅन्युअलप्रमाणे लावा आणि निपलची टोपणे परत घट्ट बसवा. एक टोपण जरी राहिले तरी त्या सिलिंडरला फुकटची हवा मिळते आणि सगळी मेहनत वाया.

इंजिन उघडून झाल्यावर गाडी अचानक जोरात थरथरू लागली तर बॅलन्सर शाफ्टच्या गिअरवरची खूण एका दात्याने चुकली का, हे आधी पाहावे. नवे पिस्टन टाकताना दोन्हींचे वजन पिन आणि रिंगांसह करावे. एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर ते बसवू नयेत.

एवढे झाल्यावर जी थरथर उरते ती रचनेची. तिच्यासाठी मग हँडलची वजने. प्रत्येक टोकाला शंभर ग्रॅमपासून सुरुवात करून वाढवत न्यावीत, कारण वजन थरथर खात नाही; हँडल जिथे जास्तीत जास्त थरथरते तो आरपीएम खाली सरकवते. तुमच्या नेहमीच्या वेगाचाच आरपीएम त्यात सापडला तर त्रास वाढेल. पुढचा स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) १५ ऐवजी १६ दात्यांचा लावला तर त्याच वेगाला आरपीएम सुमारे सहा टक्क्यांनी आणि झटका सुमारे बारा टक्क्यांनी कमी होतो. मात्र चेन घासत नाही ना आणि गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर कमी वेग दाखवत नाही ना, हे तपासावे. हँडल घट्ट आवळून धरल्यास थरथर हातात जास्त शिरते. मोबाइल हँडलला थेट लावू नये. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिला आहे.

हा केवळ आरामाचा प्रश्न नाही. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार कामगाराच्या हाताला बसणारे कंपन आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडले की मालकाने उपाय योजायचे असतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. दिवसभर दुचाकीवर काम करणाऱ्याची बोटे गाडी थांबवल्यावरही बधिर राहत असतील किंवा थंडीत पांढरी पडत असतील, तर त्याने ग्रिप बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्या नव्या दोन-सिलिंडर गाड्यांच्या परीक्षणात दोन आकडे जरूर छापावेत: हँडल सर्वांत जास्त कोणत्या आरपीएमला थरथरते आणि शेवटच्या गिअरमध्ये त्या आरपीएमला गाडीचा वेग किती असतो. रोज ज्या वेगाने जायचे तो वेग त्या पट्ट्यात येतो का, हे गाडी घेण्यापूर्वीच कळेल.

– दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक