‘ट्रान्स्फरेबल आहे’ म्हणजे नक्की काय?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, “बाबा, पुढच्या क्वार्टरला एक सोपा कोर्स घेतोय, ट्रान्स्फरेबल आहे.” मी हो म्हटलं खरं, पण कॅलिफोर्नियातल्या डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून तुला पुढे बर्कलेच्या युनिव्हर्सिटीत जायचंय, म्हणून तो शब्द डोक्यातून जाईना. दोन रात्री वाचत बसलो, म्हणून हे पत्र.

ट्रान्स्फरेबल म्हणजे युनिव्हर्सिटी त्या कोर्सचं क्रेडिट जमा करून घेईल, एवढंच. तुझ्या डिग्रीच्या कुठल्या अटीत ते बसेल, हे त्यात कुठेच आलेलं नाही. मेजरच्या, म्हणजे तुझ्या मुख्य विषयाच्या, अटीऐवजी ते नुसतं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, म्हणून पडून राहिलं, तर ट्रान्स्क्रिप्टवर दिसेल आणि तोच विषय तुला तिथे पुन्हा घ्यावा लागेल, पुन्हा फी भरून. अमेरिकेच्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने २०१७ साली एक अहवाल दिला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या मुलांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स बुडाली, असं त्यात आहे. ती मुलं काही उनाड नसणार.

माझंही थोडं तसंच झालं होतं. दुसऱ्या वर्षाला मी विद्यापीठ बदललं, तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला, “होऊन जाईल.” मग म्हणाले, जुना अभ्यासक्रम आणा, विषय जुळतात का बघू. मी तो रद्दीत घातला होता. दोन विषय पुन्हा दिले. तेव्हापासून मला ‘होऊन जाईल’ या शब्दांची धास्तीच आहे.

तुमच्याकडे सोय चांगली आहे. असिस्ट डॉट ऑर्गवर तुझं डी अँझा, समोर बर्कले, मेजर आणि वर्ष निवडलं की कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या जागी चालतो ते समोर येतं. ते पान जपून ठेव. एक मेख मात्र आहे. तुझं कॉलेज क्वार्टरवर, म्हणजे लहान सत्रांवर चालतं, बर्कले सेमिस्टरवर, म्हणजे मोठ्या सत्रांवर. क्वार्टरची तीन युनिट्स, म्हणजे क्रेडिट्सच, ही सेमिस्टरची दोन, म्हणून तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायला इतरांना ६० लागतात तिथे तुला ९०. आकड्यांचं ठीक आहे, खरी अडचण मालिकेची. त्यांच्या एका विषयासाठी तुझ्याकडचे दोन कोर्स जोडीने लागू शकतात. त्यातला एकच केलास तर निम्मा विषय झाला असं कोणी मानत नाही. त्यामुळे कॅल्क्युलस असो वा फिजिक्स, जी मालिका सुरू करशील ती तुझ्या कॉलेजातच पुरी कर.

आणि हो, कम्युनिटी कॉलेजची फार तर १०५ क्वार्टर युनिट्सच यूसी, म्हणजे बर्कले जिच्यात येतं ती युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, मोजते. त्यावरच्या कोर्सने विषयाची अट पुरी होते, पण युनिट्सची बेरीज वाढत नाही. सोपे कोर्स गोळा करून काय मिळणार, तूच सांग.

रूममेटचा दादा आयजीईटीसी, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सामान्य विषयांचा ठरलेला संच, करून गेला, असं तू म्हणाला होतास. त्याचा सल्ला तेवढ्यापुरता बाजूला ठेव; २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांसाठी त्याच्या जागी कॅल-गेटसी आलंय. टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश, बर्कले देतच नाही. यूसीचे डेव्हिस, अर्वाइन वगैरे सहा कॅम्पस देतात आणि त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरावा लागतो. बर्कलेवर मन असलं तरी तोही भरून ठेव. माझ्यासाठी भर, हवं तर.

प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेव, अगदी हिस्टरीचासुद्धा. उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजचा जो ऑनलाइन कोर्स केलास, त्याची ट्रान्स्क्रिप्ट त्या कॉलेजकडूनच वेगळी पाठवावी लागेल. ती आपोआप जात नाही.

त्या सोप्या कोर्सचं नाव देऊन काउन्सेलरला ईमेलने विचार, तोंडी नको. “हा माझ्या मेजरच्या कुठल्या अटीत बसतो?” एवढंच लिही. उत्तर आलं की मला पाठव, मगच रजिस्टर कर. आईला अजून यातलं काही बोललो नाही.

तुझे,
बाबा